रात्रीची मीडियम वेव्ह : दीडशे किलोमीटरवरचे केंद्र डळमळते आणि हजार किलोमीटरवरचे स्वच्छ लागते, असे का?

संधिप्रकाश

गेली काही वर्षे मी मीडियम वेव्हवर नियमितपणे रेडिओ ऐकत आहे. माझ्यापासून सुमारे १५० किलोमीटरवर असलेले एक केंद्र दिवसभर स्थिर लागते. आवाज फार मोठा नसतो, पण निवेदकाचा शब्दन्‌शब्द कळतो. सूर्य मावळला की मात्र तोच आवाज चढू-उतरू लागतो, आणि उतरताना तो नुसता बारीक होत नाही, तर फाटतो. गाणे चालू असेल तर सूर ओळखू येत नाही, बोलणे चालू असेल तर शब्दांचा चुरा होतो. पाच-दहा सेकंदांत आवाज पुन्हा जागेवर येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच घडते.

याच वेळी, ज्यांचा दिवसा मागमूसही नसतो अशी, हजार किलोमीटरहून दूरची केंद्रे कधी कधी इतकी स्वच्छ लागतात की ती शेजारच्या गावातून बोलत आहेत असे वाटावे. त्यांच्या जोडीला काही ठिकाणी एक बारीक, अखंड शिट्टी असते आणि पट्ट्याच्या बऱ्याच भागावर एक घरघर पसरलेली असते. सुधारणा व्हावी म्हणून मी पंधरा मीटर लांबीची तार खिडकीबाहेरून आत आणून संचाला जोडली, पण घरघर उलट वाढली. संचात दोष आहे, की रात्री मीडियम वेव्ह अशीच असते? ज्यांनी यावर काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भूलहर

तुमच्या संचात दोष असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. तुम्ही चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत : डळमळणे, शिट्टी, घरघर आणि दूरची केंद्रे. त्यांची कारणे वेगळी आहेत, म्हणून त्यांवर एकच उपाय शोधू नये. मी पहिलीविषयी लिहितो, कारण जवळचे केंद्र डळमळणे आणि दूरचे लागणे या दोन्हींचे मूळ एकच आहे.

प्रक्षेपकाच्या मनोऱ्यातून निघालेल्या लहरींचा एक भाग जमिनीला धरून जातो, ती भूलहर. दुसरा भाग वर जातो, ती आकाशलहर. दिवसा सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, सर्वांत खालचा थर, म्हणजे डी थर, सूर्याच्या किरणांमुळे तयार झालेला असतो. तिथे हवा तुलनेने दाट असल्यामुळे लहरींनी हलवलेले इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आदळत राहतात, आणि वर गेलेली ऊर्जा परत न येता तिथेच उष्णतेत विरून जाते. म्हणून दिवसा तुम्हाला फक्त भूलहर मिळते. सूर्य मावळला की डी थराचे पोषण थांबते, मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन झपाट्याने पुन्हा एकत्र येतात, आणि वाट मोकळी होते. मग त्याच लहरी सुमारे १०० किलोमीटरवरच्या ई थरापर्यंत, किंवा त्याहून बऱ्याच वर असलेल्या एफ थरापर्यंत पोहोचून खाली परततात. रेडिओचे एक प्रणेते मार्कोनी यांना हा फरक १९०२ साली ‘फिलाडेल्फिया’ या जहाजावरून प्रवास करताना दिसला. दिवसा त्यांना सुमारे ७०० मैलांपर्यंत संकेत मिळत होते, तर रात्री २००० मैलांच्याही पलीकडे.

आता तुमचे १५० किलोमीटरवरचे केंद्र घ्या. या अंतरावर भूलहर दुबळी झालेली असते, पण संपलेली नसते. आणि रात्री आकाशलहर जवळपास तेवढ्याच जोराने येऊन पोहोचते. दोन्ही एकाच मनोऱ्यातून निघाल्या, पण वाटा वेगळ्या. १०० किलोमीटर उंचीवरून परतणाऱ्या लहरीला साधारण २५० किलोमीटर चालावे लागते, म्हणजे भूलहरीपेक्षा १०० किलोमीटर जास्त. ती एक तृतीयांश मिलिसेकंद उशिरा येते. दोन्हींचे चढ एकावर एक पडले तर आवाज वाढतो, एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडला तर दोघी एकमेकींना खोडून काढतात. १००० किलोहर्ट्झला लहरीची लांबी ३०० मीटर असते, त्यामुळे आकाशातल्या वाटेत अवघ्या १५० मीटरचा फरक पडला की बेरजेची वजाबाकी होते. आयनांबर रात्रभर एका जागी स्थिर राहत नाही, एवढे म्हटले की तुमचे चढ-उतार समजतात.

आवाज फाटण्याचे कारण याच हिशोबात आहे. एक तृतीयांश मिलिसेकंदाच्या फरकामुळे खोडले जाण्याची क्रिया दर ३ किलोहर्ट्झवर पुन्हा घडते, म्हणजे एका केंद्राच्या प्रक्षेपणाच्या रुंदीत अशा दोन-तीन खाचा एका वेळी असू शकतात आणि त्या सरकत राहतात. खाच साइडबँडवर, म्हणजे वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंच्या, आवाज वाहून नेणाऱ्या भागावर आली तर आवाजाचा पोत बदलतो. ती वाहक लहरीवर, म्हणजे केंद्राच्या नेमक्या वारंवारतेवरच्या मूळ लहरीवर आली तर साइडबँड शाबूत आणि वाहक लहर गायब अशी स्थिती होते, आणि साधा डायोड डिटेक्टर अशा संकेतातून मूळ आवाज काढू शकत नाही. तुम्ही ज्याला फाटणे म्हणता ते नेमके हेच आहे. हजार किलोमीटरवर भूलहर पोहोचतच नाही, तिथे भांडायला दुसरी लहर नसते. म्हणून ते केंद्र अनेकदा जवळच्यापेक्षा शांत लागते. अर्थात तिथेही ई आणि एफ अशा दोन थरांवरून येणाऱ्या लहरी आपसांत हा खेळ करतातच.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, म्हणून लिहितो. डिसेंबर १९२४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲपल्टन आणि बार्नेट यांनी इंग्लंडमधील बोर्नमथच्या बीबीसी प्रक्षेपकाची वारंवारता हळूहळू बदलत नेली आणि सुमारे १२० किलोमीटरवरच्या ऑक्सफर्डला बसून संकेताचे चढ-उतार मोजले. त्या मोजणीवरून परावर्तन करणारा थर सुमारे ९० किलोमीटरवर आहे असे त्यांनी दाखवून दिले. वर लहरी परतवणारा थर असावा या केनेली आणि हेव्हिसाइड यांनी १९०२ मध्ये मांडलेल्या कल्पनेला यातून पुरावा मिळाला, आणि ॲपल्टन यांना आयनांबरावरील कामासाठी १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जो दोष तुम्हाला रोज रात्री त्रास देतो, जवळपास त्याच अंतरावरच्या तशाच दोषातून आयनांबराची उंची प्रथम मोजली गेली.

सर्किटकार

भूलहर यांनी आकाशातली बाजू नीट मांडली आहे. मी घरातल्या घरघरीविषयी लिहितो, कारण तिचा आयनांबराशी काहीही संबंध नाही आणि लोक ती रात्रीच्या माथी मारतात.

संध्याकाळी दोन गोष्टी एकाच सुमारास होतात. आकाशात डी थर विरतो आणि घरोघरी दिवे, दूरचित्रवाणी संच, चार्जर सुरू होतात. एलईडी दिव्यांतील आणि चार्जरमधील स्विचिंग पद्धतीचे वीजपुरवठे विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडतात. अशा पुरवठ्याची वारंवारता समजा ६५ किलोहर्ट्झ असेल, तर तिच्या पटी मीडियम वेव्हवर दर ६५ किलोहर्ट्झवर उमटतात. ट्यूनिंग फिरवत गेले की ठरावीक अंतराने घरघरीचे उंचवटे लागतात, आणि यंत्र तापत जाते तसे ते किंचित सरकतात. याउलट डिमर किंवा सैल जोडणीची खरखर साऱ्या पट्ट्यावर सलग पसरते, आणि तिला वीजपुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या जाळ्यावर १०० हर्ट्झचा गुंजारव असतो. कानाला हा फरक थोड्या सरावाने कळतो.

तपासणी सोपी आहे. संच बॅटरीवर चालवा, रिकामी वारंवारता लावून आवाज वाढवा, आणि घराचा मुख्य स्विच बंद करा. घरघर गेली तर शत्रू घरात आहे. मग एकेक सर्किट चालू करत त्याला शोधा. गेली नाही तर संच हातात घेऊन घराबाहेर चालत जा आणि ती कुठे वाढते ते पाहा.

तुमच्या तारेविषयी : लांब तार दूरच्या केंद्राचा संकेत वाढवते यात शंका नाही, पण ती घराच्या वायरिंगजवळून आत आणली की घरातला सगळा गोंगाटही तेवढ्याच निष्ठेने उचलते. मीडियम वेव्हवर संचाची संवेदनक्षमता सहसा कमी पडत नाही. कमी पडते ते संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर, आणि ते तार लांबवून सुधारत नाही. तार काढून टाका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

संधिप्रकाश

तार काढली आणि काल रात्री मुख्य स्विच बंद करून पाहिले. घरघर जवळपास पूर्ण गेली. एकेक सर्किट चालू करत गेल्यावर एका टेबलदिव्याचा अडॅप्टर आणि एक सतत भिंतीत खोचलेला चार्जर असे दोन दोषी सापडले. दोन्ही काढल्यावर पट्ट्याच्या वरच्या भागात, दिवसा कोरे वाटणाऱ्या जागी, तीन-चार केंद्रे नव्याने ऐकू आली. ती इतके महिने तिथेच होती आणि मी ऐकू शकत नव्हतो, याचे मनापासून वाईट वाटले.

शिट्टी मात्र तशीच आहे. शिवाय एका वारंवारतेवर आवाज साधारण दर चार सेकंदांनी चढतो-उतरतो, अगदी ठेक्यात. हेही आकाशातलेच आहे का?

भूलहर

ठेका असेल तर बहुधा नाही. आयनांबरामुळे होणारे चढ-उतार अनियमित असतात; कधी तीन सेकंदांनी, कधी मिनिटाने. ठेक्यात होणारा चढ-उतार म्हणजे एकाच वारंवारतेवर दोन केंद्रे आहेत आणि त्यांच्या वाहक लहरींत किंचित फरक आहे. दर चार सेकंदांनी एक आवर्तन म्हणजे पाव हर्ट्झचा फरक. तो जसा वाढेल तसा ठेका जलद होऊन थरथर होते, आणि वीस-तीस हर्ट्झच्या पुढे ती घुमणाऱ्या आवाजात बदलते.

शिट्टीचे गणितही असेच आहे. अमेरिका खंडांत मीडियम वेव्हची केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, आणि जगाच्या उरलेल्या भागात, १९७५ च्या जिनिव्हा योजनेनुसार, ९ किलोहर्ट्झच्या. ती योजना नोव्हेंबर १९७८ मध्ये अमलात आली. शेजारच्या जागेवरचे जोरदार केंद्र तुमच्या संचाच्या फिल्टरमधून आत डोकावले की दोन वाहक लहरींच्या फरकाची ९ किंवा १० किलोहर्ट्झची शिट्टी ऐकू येते. अरुंद फिल्टर असेल तर तो लावा. नसेल तर ट्यूनिंग शेजाऱ्यापासून दूर, एक-दोन किलोहर्ट्झ बाजूला सरकवा. आवाज थोडा चपटा होईल, पण शिट्टी दबेल.

शिट्टी ९०९ किंवा ९१० किलोहर्ट्झच्या आसपास असेल आणि ट्यूनिंग हलवताना तिचा स्वर झपाट्याने बदलत असेल, तर तिची तक्रार आकाशाकडे करू नका. बहुतेक संचांची आयएफ, म्हणजे संचाच्या आतली मधली वारंवारता, ४५५ किलोहर्ट्झ असते आणि तिची दुप्पट ९१०. ती शिट्टी संच स्वतःच तयार करतो.

फेराइटदांडी

इतक्या चांगल्या चर्चेत सर्वांत स्वस्त साधनाचा उल्लेख अजून आलेला नाही, म्हणजे संच फिरवण्याचा. मीडियम वेव्हसाठी संचाच्या आत फेराइटची, अँटेनाचे काम करणारी दांडी असते. ती केंद्राच्या दिशेला आडवी असताना ग्रहण सर्वांत चांगले होते, आणि तिचे टोक केंद्राकडे वळले की संकेत जवळजवळ नाहीसा होतो. पहिली स्थिती विस्तृत असते, दहा-वीस अंश इकडे-तिकडे झाले तरी कानाला कळत नाही. दुसरी मात्र सुरीच्या धारेसारखी अरुंद असते, आणि खरे काम तीच करते. म्हणून संच हव्या असलेल्या केंद्राकडे वळवण्यापेक्षा नको असलेल्या केंद्राकडे दांडीचे टोक करावे. ठेक्यात चढणाऱ्या त्या वारंवारतेवर संच आडवा ठेवून हळूहळू, अंश-अंशाने फिरवा. एका स्थितीत एक केंद्र बुडेल आणि दुसरे वर येईल. नंतर संच किंचित तिरपा करून पाहा, कारण रात्रीची लहर वरून आणि विस्कटलेल्या ध्रुवीकरणाने (कंपनाच्या दिशेने) येते, त्यामुळे दिवसाइतकी खोल खाच, म्हणजे संकेत बुडण्याची स्थिती, मिळत नाही आणि मिळालेली दर काही मिनिटांनी सरकते. हात सतत संचावर असावा लागतो. रात्रीचे ऐकणे हे काही अंशी हाताचेही काम आहे, असे मी मानतो.

त्यापुढची पायरी म्हणजे फ्रेम अँटेना, आणि ती घरी करता येते. माझी ६० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी लाकडी चौकटीवर आहे : इन्सुलेशन असलेल्या तारेचे १४ वेढे, दोन वेढ्यांत सुमारे ६ मिलिमीटर अंतर, आणि दोन टोकांना ३६५ पिकोफॅरडचा, फिरवून ट्यून करायचा गँग कंडेन्सर. या मापाला इंडक्टन्स साधारण २५० मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो आणि पट्ट्याचे खालचे टोक गाठता येते. ते थोडे कमी पडले तर एक वेढा वाढवावा, वरचे टोक कमी पडले तर एक काढावा. संचाला तार जोडायची नाही. चौकट संचाच्या शेजारी अशी ठेवायची की वेढ्यांचा अक्ष आणि आतील फेराइट दांडी एका दिशेत येतील, आणि कंडेन्सर फिरवत जायचे. एका जागी गोंगाट आणि केंद्र दोन्ही एकदम उसळतात, तिथे थांबायचे. पहिल्यांदा हे घडले तेव्हा मी रात्री दोन वाजेपर्यंत एकेक वारंवारता पुन्हा तपासत बसलो होतो.

चौकटीचा लाभ केवळ जोराचा नाही. ती लहरीचा चुंबकीय भाग पकडते, तर घरातल्या गोंगाटाचा बराच भाग जवळच्या विद्युत क्षेत्रातून येतो. शिवाय तिलाही फेराइटसारखीच खाच असते. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीट इमारतीत ती खिडकीजवळ ठेवा. खोलीच्या मधल्या भागापेक्षा तिथे फरक स्पष्ट जाणवतो.

नवासंच

मला हे सर्व थोडे जुन्या वळणाचे वाटते. आता सॉफ्टवेअरवर चालणारे रिसीव्हर मिळतात. ते सगळा मीडियम वेव्ह पट्टा एकाच वेळी पडद्यावर दाखवतात आणि रेकॉर्डही करतात. सकाळी उठून रात्रीच्या बारा वाजताची कोणतीही वारंवारता पुन्हा ऐकता येते. सिंक्रोनस डिटेक्टर, अरुंद फिल्टर, हवी ती एक बाजू निवडण्याची सोय, हे सर्व त्यात आधीच असते. मग चौकटी गुंडाळत बसण्यात वेळ का घालवावा?

सर्किटकार

तुमच्या रिसीव्हरच्या क्षमतेविषयी माझे दुमत नाही. मी स्वतः तसाच वापरतो. पण त्याच्या अँटेनाच्या टोकाशी जे पोहोचले नाही, ते त्याला दाखवता येत नाही. संधिप्रकाश यांच्या चार्जरचा गोंगाट नव्या रिसीव्हरने अधिक सुंदर रंगात दाखवला असता, इतकेच. आधी घर शांत करावे, मग खाच वापरायला शिकावे, आणि मग संच बदलावा. हा क्रम उलटा केला तर निराशा पदरी येते असे मी अनेकदा पाहिले आहे.

सिंक्रोनस डिटेक्टर मात्र खरोखर उपयोगी आहे. तो डळमळणाऱ्या वाहक लहरीच्या जागी संचातच तयार केलेली स्थिर लहर वापरतो, त्यामुळे वाहक लहर खाचेत गेली तरी आवाज फाटत नाही. एसएसबीची, म्हणजे एकच साइडबँड ऐकण्याची सोय असलेल्या कोणत्याही संचावर वाहक लहरीची शिट्टी शून्यावर आणून जवळपास तसाच परिणाम मिळतो आणि शेजाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा साइडबँडही निवडता येतो. पण आवाज फाटणे थांबते म्हणजे चढ-उतार थांबतात असे नाही. लहरी एकमेकींना खोडत असतील, तर जे आलेच नाही ते कोणताही डिटेक्टर परत आणू शकत नाही.

१५० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या डळमळीवर खरा उपाय प्रक्षेपकाच्या बाजूला असतो. मनोरा लहरीच्या लांबीच्या निम्म्याहून थोडा जास्त, साधारण ०.५३ पट उंच केला, तर तो तिरकस वर फारच कमी ऊर्जा फेकतो आणि डळमळीचा पट्टा केंद्रापासून आणखी दूर ढकलला जातो. १००० किलोहर्ट्झसाठी ही उंची जवळजवळ १६० मीटर होते, म्हणून प्रत्येक केंद्राला ती परवडत नाही. नुसती शक्ती वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण भूलहर आणि आकाशलहर एकाच प्रमाणात वाढतात आणि दूरच्या दुसऱ्या कुणाला तरी त्रास सुरू होतो. अमेरिकेतील सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्राने १९३४ साली ७०० किलोहर्ट्झवर ५०० किलोवॅटने प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा ६९० किलोहर्ट्झवरच्या टोरंटोच्या केंद्राला रात्री उपद्रव होऊ लागला. दिशा आवरणारी अँटेना उभारली जाईपर्यंत रात्रीची शक्ती कमी करावी लागली.

पहाटपाळी

मला दूरच्या केंद्रांविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या मते या छंदाचा गाभा तिथे आहे, आणि त्यासाठी पूर्ण रात्र जागावे लागत नाही. सर्वांत चांगल्या वेळा दोन असतात : संध्याकाळचा तासभर आणि पहाटेचा तासभर. अंधार पूर्वेकडून येतो. त्यामुळे तुमच्याकडे सूर्य मावळत असताना पूर्वेकडील वाट आधीच अंधारात असते आणि तिकडची केंद्रे प्रथम उमटतात, तर पश्चिमेकडील केंद्रांच्या वाटेवर अजून ऊन असते. म्हणजे तासाभरासाठी पृथ्वीच अर्ध्या स्पर्धकांना गप्प बसवते. पहाटे उलट होते. पूर्वेकडची केंद्रे एकेक करून विरतात आणि पश्चिमेकडची शेवटपर्यंत टिकतात, कधी कधी विझण्यापूर्वी काही मिनिटे ती विलक्षण जोराने येतात. मध्यरात्री मात्र सगळेच एकमेकांवर बोलत असतात.

ऋतूचाही मोठा प्रभाव आहे. हिवाळ्यात रात्री मोठ्या असतात आणि जवळपास विजांची वादळे कमी असल्याने कडकडाटही कमी असतो. भूचुंबकीय वादळ चालू असेल, म्हणजे त्याची तीव्रता सांगणारा केपी निर्देशांक पाच किंवा वर असेल, तेव्हा ध्रुवांजवळून येणाऱ्या वाटा बंद पडतात. त्या रात्री विषुववृत्ताकडील केंद्रे शोधावीत, कारण त्यांना झाकणारे उत्तरेचे किंवा दक्षिणेचे प्रतिस्पर्धी गायब असतात. सौर डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र तळाशी असताना मीडियम वेव्हवर दूरचे ग्रहण सर्वांत चांगले असते, हे लघुलहरींची सवय असलेल्यांना उलटे वाटेल, पण तसेच आहे. रिकाम्या होणाऱ्या वारंवारतांकडेही लक्ष ठेवा. जर्मनीत डॉइचलांडफुंकने २०१५ च्या अखेरीस मीडियम वेव्ह बंद केली. अशा प्रत्येक बंद होण्याने मला मनापासून हळहळ वाटते, पण मोठा प्रक्षेपक गप्प झाल्यावर त्याखाली वर्षानुवर्षे दडलेली लहान केंद्रे ऐकू येतात हेही खरे आहे.

आता ओळख पटवण्याविषयी, आणि याबाबत मी काटेकोर आहे. तासाच्या ठोक्याला, म्हणजे आधीची दोन आणि नंतरची दोन मिनिटे, केंद्रे आपले नाव सांगतात, तेव्हा रेकॉर्डिंग चालू ठेवा. नोंद नेहमी जागतिक प्रमाणवेळेत करा : वारंवारता, वेळ, भाषा, प्रत्यक्ष ऐकलेले शब्द, आणि सिनपो संकेतांक. त्यात संकेताचा जोर, इतर केंद्रांचा अडथळा, गोंगाट, चढ-उतार आणि एकूण दर्जा यांना अनुक्रमे १ ते ५ गुण देतात, आणि ५ म्हणजे उत्तम. ३२४२२ ही नोंद वाचली की जाणकाराला कळते की संकेत बरा होता, गोंगाटही कमी होता, पण दुसऱ्या केंद्राने आणि चढ-उतारांनी ऐकणे अवघड केले. केंद्राचा कार्यक्रम इंटरनेटवर असेल तर ताडून पाहा, मात्र तिथला आवाज काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत मागे असतो हे ध्यानात ठेवा. आधी यादीत पाहून मग ऐकायला बसले की कान तेच नाव ऐकतो जे मनात असते. जे ऐकले नाही ते लिहू नये. ‘अनोळखी’ हा शब्द वहीत असण्यात कमीपणा नाही. माझ्या वहीत तो फार ठिकाणी आहे.

संधिप्रकाश

एक विचित्र गोष्ट विचारायची राहिली. एका दूरच्या केंद्राच्या बोलण्यामागे, त्याच वारंवारतेवर, एका जबरदस्त शक्तीच्या दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम मंद ऐकू येतो. ते दुसरे केंद्र तर पट्ट्याच्या अगदी वेगळ्या जागी आहे.

सर्किटकार

याला दोन कारणे असू शकतात. १९३३ मध्ये नेदरलँड्समध्ये टेलेगन या अभियंत्यांना स्वित्झर्लंडच्या बेरोम्युन्स्टर केंद्रामागे रेडिओ लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू आला होता. शक्तिशाली प्रक्षेपकाची लहर आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांना आपल्या आवाजाच्या तालात तापवते, त्यामुळे तिथली शोषणशक्ती त्याच तालात बदलते आणि तिथून जाणाऱ्या दुसऱ्या लहरीवर त्याचा ठसा उमटतो. याला लक्झेंबर्ग परिणाम म्हणतात.

पण तुमच्याकडे तेच घडते आहे असे लगेच मानू नका. जोरदार संकेताने संचाचा पहिला टप्पा भारावला तरी नेमके असेच ऐकू येते, आणि हे कितीतरी अधिक वेळा घडते. पारख अशी : संच फिरवून त्या जबरदस्त केंद्राकडे दांडीचे टोक करा. मागचा आवाज एकदम नाहीसा झाला आणि दूरचे केंद्र तसेच राहिले, तर दोष संचाचा. दोन्ही एकमेकांना चिकटून राहिले, एकत्र वाढले आणि एकत्र कमी झाले, तर मिश्रण संचापर्यंत येण्याआधीच झालेले आहे.

संधिप्रकाश

आठ रात्री ऐकून लिहितो आहे. मागचा आवाज संच फिरवल्यावर गेला. म्हणजे संचच भारावत होता. ठेक्यात चढणाऱ्या वारंवारतेवर फेराइटदांडी यांनी सांगितल्याप्रमाणे सुमारे ७० अंश फिरवल्यावर खरोखर दोन वेगळ्या भाषा वेगळ्या झाल्या. शिट्टी ९ किलोहर्ट्झची निघाली आणि ट्यूनिंग किंचित सरकवल्यावर दबली. १५० किलोमीटरवरचे केंद्र अजूनही डळमळते, पण ते का डळमळते हे कळल्यापासून मी त्या चढ-उतारांची वेळ टिपू लागलो आहे. सूर्यास्तानंतर पहिल्या तासात ते सर्वांत जलद असतात असे आतापर्यंत दिसते.

चौकट अर्धी झाली आहे, गँग कंडेन्सर एका जुन्या निकामी संचातून काढला. आज पहाटे सूर्योदयाच्या वीस मिनिटे आधी, पूर्वेकडील सगळे विरल्यावर, १५४८ किलोहर्ट्झवर चार मिनिटे एक स्त्रीचा आवाज आणि नंतर तंतुवाद्य ऐकू आले. नाव ऐकू आले नाही. वहीत ‘अनोळखी, २४३२२’ असे लिहिले आहे. उद्या तासाच्या ठोक्याच्या आधीपासून रेकॉर्डिंग लावून बसणार आहे. आणखी कुणाला त्या वेळी तिथे ऐकणे शक्य असेल तर ऐकलेले शब्द जसेच्या तसे इथे लिहावेत.